आधी धूर थांबवा, मग हळद घाला

थंडी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या टपालात खोकल्याची पत्रं वाढतात. यंदा सिन्नरच्या एका भगिनीने लिहिलंय, "आमचे हे दिवसाला बिडीचं एक बंडल संपवतात. सकाळी उठले की अर्धा तास खोकला. जिना चढले की दम लागतो. सोडा म्हटलं की चिडतात, म्हणून मी बोलायचंच सोडून दिलं. हळदीने, तुळशीने, अडुळशाने छातीतली सूज उतरते असं ऐकलंय. कोणता काढा किती दिवस द्यावा? त्यांच्या नकळत दिला तर चालेल का?"

पंचवटी, नाशिकरोड, निफाड इथूनही अशीच पत्रं येतात. कुठे बिडी तर कुठे सिगारेट, एवढाच काय तो फरक. तेव्हा आज एकीला उत्तर न देता सगळ्यांसाठीच लिहिते.

उत्तर आधीच सांगून टाकते. हळद, कांदा, द्राक्षं, टोमॅटो यांत दाह कमी करणारी द्रव्यं आहेत, हे अगदी खरं. पण रोज बंडलभर धूर आत जात असताना ती बिचारी पुरी पडत नाहीत. धूर थांबला, की मग त्यांचा हातभार लागतो. आणि अशीच द्रव्यं गोळ्यांच्या रूपात भरमसाट दिली, तर ओढणाऱ्या माणसाला उलट अपायही होऊ शकतो. आता एकेक गोष्ट नीट पाहू.

छातीत नेमकं काय होतं?

स्वयंपाक करताना हात भाजला तर तो लाल होतो, सुजतो, ठणकतो. शरीर ती जागा दुरुस्त करायला धावलेलं असतं. याला दाह म्हणायचं. एकदा चटका बसला तर चार दिवसांत सगळं ठीक. पण त्याच जागी दिवसातून वीस वेळा, असं वीस वर्षं चटका देत राहिलात तर? फुफ्फुसांचं तेच होतं.

सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात. त्यांतली निदान सत्तर कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. आपल्या श्वासनळीच्या आत अतिशय बारीक केसांचं अस्तर असतं. केरसुणीने केर लोटावा तसे हे केस धूळ आणि कफ वर लोटत असतात. धुराने ते लुळे पडतात. मग रात्रभर साचलेला कफ सकाळी खोकून खोकून बाहेर काढावा लागतो. "यांचा नेहमीचा खोकला" म्हणून आपण ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो, तो हाच.

फुफ्फुसात सफाई करणाऱ्या पेशीही असतात. धूर आला की त्या खवळतात आणि रक्तातून आणखी पेशी मदतीला बोलावतात. जंतूंना मारण्यासाठी या पेशींजवळ तीव्र रस असतात. इथे जंतू नसतातच, मग ते रस आपल्याच फुफ्फुसाची लवचीक जाळी खाऊ लागतात. परकराचं इलॅस्टिक सैल पडलं की ते परत आखडत नाही, तसं फुफ्फुसाचं होतं. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही आणि माणसाला दम लागतो. डॉक्टर या दुखण्याला सीओपीडी म्हणतात. एकदा गेलेली जाळी कुठल्याही काढ्याने परत येत नाही. उरलेली वाचवणं मात्र हातात असतं.

"बिडी काय, झाडाचं पान आणि चिमूटभर तंबाखू, सिगारेटपेक्षा बरी" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. सिन्नर तर बिडीच्या धंद्यासाठीच प्रसिद्ध. तिथे कितीतरी घरं बायकांनी बिड्या वळून चालवली. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, हे खरं. पण तेंदूच्या पानातून हवा सहज जात नाही, बिडी सारखी विझू बघते, म्हणून ओढणारा जास्त वेळा आणि जास्त जोराने झुरके घेतो. शेवटी निकोटिन आणि डांबर सिगारेटइतकंच, कधी त्याहून जास्तच छातीत उतरतं.

आपल्या बाजारातली द्रव्यं

नाशिक जिल्हा या बाबतीत भाग्यवान आहे. शास्त्रज्ञ ज्या द्रव्यांचा अभ्यास करतात, त्यांतली बरीच आपल्या भाजीच्या पिशवीतच असतात.

कांदा घ्या. लासलगावचा कांदा देशभर जातो. त्यात क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं. लाल कांद्यात ते भरपूर, पांढऱ्यात फारच थोडं. शिवाय ते बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतं. आपण कांदा सोलताना वरच्या सालीबरोबर एक-दोन चांगल्या पाकळ्याही टाकून देतो. तेवढं करू नका. शिजवल्याने हे द्रव्य फारसं नष्ट होत नाही, पण पाण्यात उतरतं. तेव्हा कांदा उकडलेलं पाणी आमटीत किंवा रश्शात घालावं.

द्राक्षांच्या सालीत रेझव्हेराट्रॉल असतं. लंडनच्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिगारेट ओढणाऱ्यांच्या आणि सीओपीडी झालेल्यांच्या फुफ्फुसांतल्या त्या सफाई करणाऱ्या पेशी बाहेर काढून त्यांनी त्यांवर हे द्रव्य टाकलं. दाह पसरवणारे संदेश त्या पेशींनी सोडणं बरंच कमी झालं. आता गंमत पाहा. काचेच्या बशीतल्या पेशींना ते थेट मिळालं. आपण द्राक्षं खातो तेव्हा त्यातलं थोडंसं द्रव्य पोटात जातं, यकृत त्याचं रूप लगेच बदलून टाकतं आणि छातीपर्यंत फार थोडं पोहोचतं. म्हणून द्राक्षं खायची ती फळ म्हणून, सालीसकट आणि स्वच्छ धुऊन. मधुमेह असेल तर बेतानेच. आणि "वाइन द्राक्षाचीच ना, मग औषधच" असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका. दारूने होणारं नुकसान सालीतल्या द्रव्याने भरून निघत नाही.

हळदीतल्या कुर्कुमिनचीही तीच कथा. धुरात ठेवलेल्या उंदरांना ते दिल्यावर फुफ्फुसांची हानी कमी झाली, असं प्रयोगात दिसलं. पण नुसतं कुर्कुमिन माणसाच्या रक्तात जवळजवळ उतरतच नाही. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, की त्याबरोबर मिरीतलं पायपरिन दिलं तर ते वीस पटीने जास्त उतरतं. शिवाय हळद पाण्यापेक्षा तेला-तुपात चांगली विरघळते. म्हणजे आपल्या आज्या दुधात हळदीबरोबर मिरपूड आणि तूप घालत, ते योग्यच होतं. हिशेब मात्र ध्यानात ठेवा. तो प्रयोग दोन ग्रॅम शुद्ध कुर्कुमिनचा होता. हळदीत ते शंभर भागांत तीनेक भाग असतं. चमचाभर हळदीत मिळून शंभर मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही.

अडुळशाचं वेगळं आहे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं आणि त्यातून पुढे अम्ब्रॉक्सॉल आलं. घरातल्या खोकल्याच्या बाटलीवर ही नावं वाचून पाहा. अडुळशाने कफ पातळ होऊन सुटतो आणि बरं वाटतं. पण कफ सुटणं म्हणजे दाह थांबणं नव्हे. गरोदरपणी अडुळसा घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

आता टोमॅटो. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात हंगामात टोमॅटोच्या जाळ्यांच्या राशी लागतात, तेव्हा त्यात छातीसाठी काही आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. जर्मनी, नॉर्वे आणि ब्रिटनमधल्या साडेसहाशेहून अधिक माणसांचा आहार आणि श्वासाची ताकद दहा वर्षांच्या अंतराने तपासली गेली. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोज दोनहून जास्त टोमॅटो खाणाऱ्यांची, किंवा दिवसातून तीनहून जास्त वेळा ताजी फळं, विशेषतः सफरचंद, खाणाऱ्यांची फुफ्फुसं हळू थकली होती. हा फायदा सर्वांत ठळक कोणात दिसला? ज्यांनी सिगारेट सोडली होती त्यांच्यात. आणि तोही ताज्या टोमॅटोचा; बाटलीतल्या सॉसचा नव्हे. टोमॅटोनेच सगळं केलं असं यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण स्वस्त आणि निर्धोक वस्तू आहे, खाण्यात तोटा काही नाही.

गोळ्यांपासून सावध

"एवढंसंच मिळतं तर मग गोळीच देऊ ना!" हा विचार मोठमोठ्या डॉक्टरांनाही सुचला होता. त्याचं काय झालं ते मुद्दाम सांगते.

गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटिन तुम्हांला माहीत आहे. ते भरपूर खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो असं दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांना घेऊन मोठी चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन दिलं, काहींना नाही. पाच ते आठ वर्षांनी, १९९४ साली निकाल लागला. गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला! अमेरिकेतही तशीच चाचणी चालू होती. त्यात बीटा-कॅरोटिनबरोबर 'अ' जीवनसत्त्वही देत होते. तिथे कर्करोग २८ टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि जानेवारी १९९६ मध्ये गोळ्या मध्येच थांबवाव्या लागल्या.

याचा अर्थ गाजर वाईट असा मुळीच नाही. कोशिंबीर करा, हलवा करा. पण गाजरात जे जपून, इतर शंभर गोष्टींबरोबर येतं, तेच एकटं काढून धुराने पोळलेल्या फुफ्फुसात ओतलं तर वेगळं वागू शकतं. म्हणून "फुफ्फुसं साफ करणारी" वनस्पतीची गोळी कोणी घरपोच आणून दिली, तर डब्यावरच्या हिरव्या पानाच्या चित्राला भुलू नका. ओढणाऱ्याला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका.

हळदीच्या गोळ्यांनीही यकृताला इजा झालेली माणसं अमेरिकेत आढळली. २०२२ साली त्यांची नोंद प्रसिद्ध झाली. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर अशा गोळ्या टाळाव्यात. मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्यांनी फिटच्या औषधासारख्या इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं. आणि म्हणूनच, नकळत काही देऊ नका. डॉक्टरांनी "काय काय घेता?" विचारलं तर त्या माणसाला सांगता तरी आलं पाहिजे. भाजीतली हळद मात्र सगळ्यांना चालते.

रोजच्या स्वयंपाकात काय कराल?

कोशिंबीर: चार माणसांना दोन लाल कांदे आणि तीन-चार पिकलेले टोमॅटो बारीक चिरा. कोथिंबीर, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस घाला. दोन चमचे तेलाची फोडणी करून त्यात मोहरी, पाव चमचा हळद आणि चिमूटभर मिरपूड टाका. हळद जळू देऊ नका. फोडणी कोमट झाली की वर ओता.

हळदीचं दूध: कपभर दूध, पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड, अर्धा चमचा तूप. एक उकळी आणून कोमट प्यायला द्या.

पेरू किंवा आवळा: धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व लवकर संपतं. अमेरिकेत अशांना रोज ३५ मिलिग्रॅम जास्त घ्यायला सांगतात. एका पेरूत याच्या कितीतरी पट मिळतं. त्याला गोळी कशाला हवी?

हळद शक्यतो हळकुंडं आणून दळून घ्या. सुट्या पुडीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत.

आणि ते बोलणं

आता कठीण भाग. कढईत काय घालायचं ते आपल्या हातात असतं, यजमानांच्या खिशातली काडेपेटी नसते. पण मैत्रिणींनो, काढा करून देणं सोपं वाटतं म्हणून आपण बोलणं टाळतो, आणि काढा चालू आहे या समाधानावर तेही निर्धास्त ओढत राहतात. हे मात्र खरोखर घातक.

बोलताना उपदेश नको. चारचौघांत नको, मुलांसमोर नको, बिडी हातात असताना तर नकोच. खोकल्याने ते स्वतःच वैतागलेले असतील अशी वेळ बघा. "सोडा" म्हणण्याऐवजी "आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊन फुंकायची तपासणी करून येऊ" म्हणा. तिला स्पायरोमेट्री म्हणतात. सुई नाही, दुखणं नाही. नळीत जोरात फुंकायचं. फुफ्फुसांची किती ताकद उरली ते कागदावर दिसतं. बायकोचं न ऐकणारा माणूस पुष्कळदा त्या कागदाचं ऐकतो.

त्यांना हेही सांगा. अमेरिका आणि कॅनडात जवळपास सहा हजार धूम्रपान करणाऱ्यांना अकरा वर्षं तपासलं. ज्या पुरुषांनी सोडली आणि पुन्हा धरली नाही, त्यांची एका सेकंदात बाहेर सोडता येणारी हवा वर्षाला सुमारे ३० मिलिलिटरने घटत होती. वयाने थोडी घट होतेच. जे ओढत राहिले, त्यांची ६६ मिलिलिटरने घटली. दुपटीहून जास्त! एवढा फरक कोणत्याही हळदीने केलेला नाही.

सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. तलफ आली की ती तीन-चार मिनिटं जोरात असते, मग ओसरते. तेवढ्यापुरती बडीशेप, लवंग, आवळकाठी हाताशी ठेवा. बिडीऐवजी तंबाखू मळायला लागले तर ते सोडणं नव्हे. काहींचा खोकला सुरुवातीला वाढतोसुद्धा, कारण लुळे पडलेले ते केस पुन्हा कामाला लागलेले असतात. तेव्हा "सोडल्यामुळेच त्रास झाला" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. निकोटिनचा च्युइंगगम किंवा पट्टी हीही सोय आहे. डॉक्टरांना विचारून घ्यावी. सुटली आणि महिन्याने पुन्हा धरली, तरी टोमणा मारू नका. बरेच जण दोन-चार प्रयत्नांनंतरच कायमचे सुटतात.

तुमच्या स्वतःच्या छातीचं काय?

घरात ओढलेली बिडी सगळं घर ओढतं. लहान मुलांना त्या धुराने दमा, न्यूमोनिया, कानाची दुखणी होतात. खिडकी उघडून भागत नाही. सोडणं आज जमत नसेल, तर "घरात नाही, अंगणात" एवढा नियम तरी आजपासून करा. सासरे ओढत असतील तर नातवाचं नाव पुढे करा. सुनेचं न ऐकणारे आजोबा नातवासाठी उठून बाहेर जातात.

चुलीचा धूरही असाच दाह करतो. कधीही बिडी न ओढलेल्या माणसांनाही सीओपीडी होतो आणि त्यात चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायका पुष्कळ असतात, याकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली जगाचं लक्ष वेधलं. डास पळवायची अगरबत्तीही कमी नाही. एक वेटोळं जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडतं, असं २००३ सालच्या एका अभ्यासात आढळलं. बंद खोलीत ती लावण्यापेक्षा मच्छरदाणी बरी. आणि आपल्यापैकी कोणी सकाळी मशेरी लावत असेल, तर यजमानांना सांगण्याआधी ती डबी बाजूला ठेवावी. ती तंबाखूच आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त, वजन घटणं, संध्याकाळचा ताप, आवाज बसणं, छातीत दुखणं, बसल्या जागी दम. यांतलं काहीही असेल तर काढ्यात एक दिवसही घालवू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते. नेहमीच्या खोकल्याचा आवाज बदलला, तरी दाखवून घ्या.

सोडायचं मनात आलं, की सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे: १८००-११-२३५६. नंबर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. तो एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देवघराजवळ किंवा फ्रिजवर लावा. कोणासाठी ते सांगायची गरज नाही. ज्याला वाचायचा तो वाचेल.